बिनमिठाची उकड

तुमच्या पणजीच्या पणजीनंही जी नुसती कानानं ऐकली, अशी ही जुनी गोष्ट. खाडीच्या काठाला शेवखार नावाचं गाव होतं. गावात भात थोडं आणि मीठ फार. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मिठाच्या पांढऱ्या राशी ओढायच्या, हाच गावाचा धंदा. त्या गावात ठकू नावाची एक बाई राहायची. लहानथोर सगळे तिला ठकूआत्या म्हणत.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. देवी म्हणजे काय, हे आता कुणाला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. अंगभर फोड यायचे, तळहातावर, तळपायावर, जिभेवरसुद्धा. निम्मी पोरं जायची. उरलेल्यांतल्या कुणाचे डोळे जायचे. ठकूआत्या वाचली, पण डावा डोळा गेला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. तिच्या दोन्ही मनगटांवर काकणासारखा एकेक वळ होता. फोड खाजवू नयेत म्हणून घरच्यांनी तिचे हात खाटेला बांधले होते, एकवीस दिवस.

"देवी मला आठवत नाहीत," ती म्हणायची. "दोरी आठवते."

तिचं लग्न झालं नाही. लोकांची दळणं दळून ती पोट भरायची, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर चिमूटभर पीठ ठेवायची. इतकीच तिची ओळख. पुढे काय होणार, ते तेव्हा कुणाला दिसलं असतं?

एका फाल्गुनात गावात देवीची साथ आली. आठ दिवसांत अकरा मुलं अंथरुणाला खिळली. गावचा पाटील होता राघो पाटील. माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. त्यानं ठरवलं की आजारी मुलं गावात ठेवायची नाहीत. खाडीपलीकडे मिठाचं एक मोठं कोठार होतं, तिथं ती न्यायची. आयांनी जायचं नाही, नाहीतर त्या आजार परत घेऊन येतील. पण कुणीतरी जवळ हवंच. ज्याला देवी एकदा येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटील ठकूआत्याच्या दारात आला.

"ठकू, तुला जावं लागेल."

"जाते."

"रोज होडीनं तांदूळ येईल. पोरांच्या पेजेचा वेगळा, तुझ्या दोन मुठी वेगळ्या. आणि हात बांधून ठेव त्यांचे. खाजवलं तर डोळे जातील."

ठकूआत्या आत गेली. जातं उचललं, पातेलं घेतलं, खोबरेलाची बुधली घेतली, हळद घेतली आणि ती होडीत बसली.

कोठारात तीन भिंतींना छतापर्यंत मीठ होतं. चौथ्या भिंतीपाशी, केळीच्या पानांवर, अकरा मुलं ओळीनं निजवलेली. सगळ्यांचे हात चिंध्यांनी बांधलेले. बहुतेकांचे डोळे सुजून मिटले होते. ती रडत नव्हती, नुसती डोकी इकडून तिकडे घासत होती. ठकूआत्यानं एकेकाच्या गाठी सोडल्या. शेवटची गाठ सुटेपर्यंत पहिल्या मुलाचे हात तोंडाकडे गेलेसुद्धा.

तिचे हात दोन, मुलांचे बावीस. ती किती धरणार? ती एकाचा हात धरी तोवर दुसरं गाल ओरबाडायचं. दुपारपर्यंत तिला कळलं की पुन्हा बांधावं तरी लागेल, नाहीतर या हातांना काहीतरी काम तरी द्यावं लागेल.

तिनं आपल्या वाटणीचे तांदूळ दळले. पीठ पाण्यात कालवून बघितलं, ते भुगाभुगा होऊन गळलं. मग तिनं पाणी उकळायला ठेवलं, खळखळल्यावर पीठ त्यात एकदम टाकलं, वर झाकण दिलं. वाफ मुरल्यावर तेलाचा हात लावून, गरम असतानाच मळलं. अशी उकड झाली की कानाच्या पाळीसारखी मऊ. ती टिकावी, आंबू नये म्हणून तिनं बाजूच्या राशीतलं ओंजळभर मीठही घातलं. हळद घातली. पिवळाधमक गोळा झाला.

पहिला गोळा तिनं नाम्याच्या हातात दिला. नाम्या पाच वर्षांचा, मिठागरात राबणाऱ्या हिरूचा एकुलता मुलगा. त्यानं गोळा दाबला, आणि तळहातावरचा फोड फुटून त्यात मीठ गेलं. नाम्या असा किंचाळला की खाडीवरचे बगळे उडाले. ठकूआत्यानं त्याचा हात गोड्या पाण्यात धरला, फुंकर घातली, आणि ती सगळी उकड नेऊन पाण्यात फेकली. सबंध दिवसाचं तिचं जेवण होतं ते.

त्यानंतर तिच्या उकडीत मिठाचा कण पडला नाही. पण बिनमिठाची उकड दुसऱ्याच दिवशी आंबायची, वास मारायची. म्हणजे रोज नवी करायला हवी. मुलांच्या पेजेला ती हात लावणार नव्हती. राहिले तिच्या वाटणीचे दोन मुठी तांदूळ. एक तर ते तिनं खायचे, नाहीतर मुलांनी खेळायचे. चहूबाजूंनी मिठाचे डोंगर, त्यातलं मूठभर मीठ चाललं असतं तर एकच गोळा महिनाभर पुरला असता. पण ते चालणार नव्हतं. ती मुलांची भांडी विसळून ते पाणी प्यायची आणि तांदूळ जात्यात घालायची.

मुलं मात्र गुंतली. पळसाच्या फुलांचा केशरी गोळा, शेवग्याच्या पाल्याचा हिरवा, काजळीचा काळा. डोळे मिटलेले असले तरी मुलं विचारायची.

"आत्या, हा कुठला रंग?"

"केशरी. पळसाचा."

"मला कधी दिसेल?"

"डोळा उघडला की. मी ठेवते तुझ्यासाठी."

बोटं पिठात असली की ती तोंडाकडे जात नव्हती. कुणी भाकरी केली, कुणी खेकडा केला. नाम्यानं एक माणूस केला, हातात फावडं धरलेला. तो त्याचा बाप होता. आदल्या वर्षी होडी उलटून तो गेला होता.

तांदूळ आणणारा होडीवाला कोठारापुढच्या बांधावरूनच परत जायचा. एकदा त्याला तेलाचा वास आला. त्यानं गावात सांगितलं, आणि गाव हादरलं. देवी असलेल्या घरात तेलाचा थेंब काढायचा नाही, फोडणी द्यायची नाही, हा तेव्हाचा कडक नेम. आणि इथं ही बाई तेल लावून पीठ मळते, वर ते पोरांना खेळायला देते! त्याच दिवशी नाम्या गेला.

हिरू ओहोटीची वेळ साधून, गुडघाभर चिखल तुडवत बांधापर्यंत आली. पुढे यायची तिला बंदी होती. ठकूआत्या बाहेर आली.

"तेल घातलंस तू," हिरू म्हणाली. "देवी अंगात असताना तेल घातलंस. माझं पोर खाल्लंस."

ठकूआत्या दोन पावलं पुढे आली.

"हात तरी बांधले होतेस का त्याचे?"

"नाही. मी सोडले होते."

हिरूनं चिखलातला दगड उचलला. तो ठकूआत्याच्या कपाळाला लागला, रक्त आलं. ठकूआत्यानं ते पुसलंही नाही. तिनं पदरातून ती फावडंवाली मूर्ती काढली आणि बांधावर ठेवली.

"त्यानं केलंय. काल. बाप आहे म्हणाला."

हिरूनं वाकून ती मूर्ती पाहिली. मग तिनं हळू विचारलं, "जाताना हात कुठं होते त्याचे?"

"पिठात," ठकूआत्या म्हणाली. "एक पिठात, एक माझ्या हातात."

हिरू चिखलात खाली बसली. मूर्ती तिनं नेली नाही. "बाकीच्यांसोबत राहू दे," एवढंच म्हणाली.

गावानं मात्र निकाल दिला. राघो पाटलानं ठकूआत्याचा तांदूळ निम्म्यावर आणला. खेळायला तांदूळ आहे, म्हणजे तिला जास्तच होतोय, असं तो म्हणाला. आता एक मूठ. तीही जात्यात जायची. ठकूआत्याच्या हातातल्या काचेच्या बांगड्या आपोआप गळून पडायला लागल्या. आणखी तीन मुलं गेली. प्रत्येकानं शेवटचं जे केलं होतं ते तिनं बांधावर, नाम्याच्या मूर्तीशेजारी मांडलं. एक खेकडा. एक मीठ वाहायची पाटी. एक नुसताच गोळा, कारण त्या मुलीला त्याचं काय करायचं ते ठरवायला वेळच मिळाला नव्हता.

मग एका सकाळी राघो पाटील स्वतः होडी वल्हवत आला. होडीत त्याची नात आवडी होती, चार वर्षांची. त्यानं आपल्या पागोट्याची पट्टी फाडून तिचे हात बांधले होते. ठकूआत्यानं मुलीला उचलून घेतलं आणि त्याच्यासमोर ती पट्टी सोडली.

"ठकू, डोळे जातील तिचे."

"माझे हात बांधले होते," ठकूआत्या म्हणाली आणि आपला डावा, रिकामा डोळा त्याच्याकडे वळवला. "पटत नसेल तर परत न्या."

पाटील पाण्यात उभा राहिला. नातीच्या हातात पिवळा गोळा गेलेला त्यानं पाहिला. ती दाबत होती, सोडत होती, दाबत होती. दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं अख्खं गाठोडं यायला लागलं. पण तोवर फार उशीर झाला होता. ठकूआत्यानं भाताचा घास तोंडात घातला आणि तो पोटात राहिला नाही. तिच्या हातांत मळायचंही बळ उरलं नव्हतं.

तेव्हा हिरू आली. बंदी मोडून, खाडी ओलांडून सरळ कोठारात आली. "मला आता कुणाला आजार न्यायचा आहे?" ती अडवायला आलेल्या पाटलाला म्हणाली, आणि तो वाटेतून बाजूला झाला. ठकूआत्या भिंतीला टेकून बसली होती. हिरू चुलीपुढे बसली.

"पाणी खळखळू दे. अजून. आता पीठ एकदम टाक. झाक."

"किती वेळ?"

"पोरं तीनदा विचारतील झालं का म्हणून, तेवढा. आता तेलाचा हात लाव. भाजतंय?"

"भाजतंय."

"भाजू दे. गार झाल्यावर मळलीस तर तडकेल."

असं म्हणतात, की त्या दिवसापासून कोठारातली उकड आंबली नाही. मीठ नसताना आंबली नाही. शेवटच्या मुलाच्या खपल्या गळेपर्यंत ती कानाच्या पाळीसारखी मऊच राहिली.

चैत्री पौर्णिमेला उधाण आलं. असं उधाण त्या आधी कुणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. भर दुपारी पाणी चढलं, गावाकडचे तीन बांध फुटले, साऱ्या हंगामाचं मीठ विरघळून गेलं. गाव टेकडीवर उभं राहून पलीकडे बघत होतं. कोठाराच्या बांधाला पाणी भिडलं, बांधाची कड बुडाली, आणि पाणी त्या चार पिठाच्या वस्तूंपाशी येऊन थांबलं. माणसाच्या कमरेएवढी पाण्याची भिंत उभी राहिली, आणि पिठाचा माणूस फावडं धरून तिच्यासमोर. मग ओहोटी लागली. सांगतात, की त्या पिठावर एक थेंबही नव्हता.

आठ मुलं जगली. आठही जणांचे डोळे शाबूत होते. आवडीनं डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा आपल्या हातातला गोळा पाहिला आणि म्हणाली, "पिवळा." तिनं तो आत्याला दाखवायला धरला. ठकूआत्या भिंतीला टेकूनच होती. हिरूनं तिच्या नाकाशी बोट धरलं, आणि मग मुलांना उन्हात नेलं.

तिला त्याच बांधावर पुरलं. नेताना चार माणसं लागली नाहीत, एकट्या पाटलानं तिला उचललं. इतकी ती हलकी झाली होती. त्यानंतर राघो पाटलानं उभ्या आयुष्यात डोक्याला पागोटं बांधलं नाही, असं म्हणतात.

देवीचा आजार जगातून गेला. मिठागरंही गेली, तिथं आता कोळंबीची तळी आहेत. पण शेवखारात आजही मुलाला गोवर आला, कांजिण्या आल्या, तरी कुणी त्याचे हात बांधत नाही, की हातांवर चापट मारत नाही. शेजारीण न सांगता उकड करून आणते. आणि चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घराघरातून पाणी खळखळतं. बायका हळदीचे, पालेभाजीच्या रसाचे, बिटाचे गोळे मळतात आणि गावातली सगळी लहान मुलं बांधावर बसून त्यांच्या वस्तू करतात. कुणी गाडी करतं, कुणी मोबाइल करतं. त्या उकडीत मीठ नसतं. त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांनी मूल आपणहून गोळा खाली ठेवीपर्यंत अन्न तोंडात घालायचं नसतं. काही मुलं घटकाभरात कंटाळतात. काही दिवस कलेपर्यंत करत बसतात, मोडतात, पुन्हा करतात. मोठी माणसं उपाशी पोटी शेजारी बसून असतात, आणि झालं का म्हणून कुणीही विचारत नाही.