अजून सहा यायच्यात

"पण बाई, पाटीवर रेघ नाही, बोटांवर मोजणं नाही. मग पंधरातून नऊ वजा केले कसे तिनं?"

मुकुंद टेमकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. शाळेत मास्तर म्हणून लागून जेमतेम वर्ष झालेलं, पण संशय मात्र मुरलेल्या फौजदाराचा. साळवी बाई ओट्यावर चिंचोके निवडत होत्या. पहिलीत त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

"कोण ती?"

"म्हाळसा. धनगराची पोर. खिडकीबाहेर बघते आणि फाडकन सांगते, सहा. बाहेरून कुणीतरी खुणावत असणार. मी काय दुधखुळा आहे?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणे, नऊ आल्या, अजून सहा यायच्यात. मी वजाबाकी विचारतोय, ही मला मेंढ्या सांगते. मग सगळ्या वर्गासमोर म्हटलं, तू लबाड आहेस."

"मग?"

"मग काय... चार दिवस झाले, शाळेत पाऊल नाही. खरी असती तर आली नसती?"

बाईंनी पंधरा चिंचोके मांडले आणि मुकुंदला ते मोजायला लावले. मग काहींवर हात ठेवला. बाहेर नऊ दिसत होते.

"हाताखाली किती?"

"हात उचला, सांगतो."

"नाही उचलणार."

मुकुंदनं बाईंच्या बोटांकडे रोखून पाहिलं. एखादा चिंचोका हळूच पदराखाली सरकवला नसेल कशावरून? आपल्या बाईंवर संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली. त्याची त्यालाच लाज वाटली, तरी नजर काही हटेना.

बाईंचा हात तसाच...

शेवटी तो उघड्या चिंचोक्यांकडे वळला. नऊ तर आहेतच. पुढे दहा, अकरा, बारा... पंधरापर्यंत तो पुटपुटत गेला.

"सहा."

"तुला कुणी खुणावलं?"

ती पोर रोज संध्याकाळी काटेरी कुंपणाच्या वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून मेंढ्या मोजत आत घेते, हे मुकुंदला ठाऊक होतं. येता-जाता त्यानं पाहिलंही होतं.

"वर्गात पोरं किती?" बाईंनी विचारलं.

"अठरा."

"आज आली किती?"

"सतरा..."

"अठरा व्हायला अजून किती यायची?"

"एक."

बाईंनी हात अजून उचलला नव्हता.

"मग इथे का बसलास?"