चेअरमनसाहेबांच्या दोन गाड्या

दूध संघाचे चेअरमन विश्वासराव डुबल यांच्यासमोर खरेदीची यादी आली, की तिच्यावर लाल रेघ ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. संगणक विभागाच्या रेवती खोतनं दोन सर्व्हर मागितले होते आणि दोन स्विच. म्हणजे ज्यातून सर्व्हरच्या सगळ्या तारा बाहेर जातात ते डबे. साहेबांनी एका डब्यावर रेघ ओढली.

"एक सर्व्हर पडला तर दुसरा काम उचलेल, हे पटलं. पण डबे दोन कशाला? माझं बघ. दारात दोन गाड्या ठेवतो. वीस वर्षांत कुठं उशीर झाला नाही!"

रेवती यादी उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतःच्या सत्काराला निघाले, तर संघाच्या फाटकातच दुधाचा टँकर आडवा! चालक नबीलाल किल्ली खिशात घालून चहाला गेलेला. तिकडं लोक हार घेऊन ताटकळलेले. साहेबांचा पारा चढला.

"दोन्ही गाड्या ठणठणीत आहेत, साहेब," रेवती नम्रपणे म्हणाली. "हवी ती काढा."

"काढू कुठून? फाटक एकच आहे ना!"

"माझ्या सर्व्हरांचंही हेच होणार, साहेब."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, टँकरकडं पाहिलं. यादी तिच्या हातात तयारच होती. त्यांनी ती गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोन्ही डब्यांवर सही ठोकली.

"झालं समाधान? आता त्या नबीलालला शोधा!"

"कशाला?" रेवतीनं पर्समधून टँकरची किल्ली काढली. "एकाच किल्लीवर कोण विसंबतंय? दुसरी मी कालच मागून ठेवलीय."