पहिला उतार

"उद्या दुपारच्या आत दोर वळणाऱ्यांची चाळीसही घरं गडाखाली उतरवा!" घारमाथ्याच्या शिलाधर राजाने विडा चघळत हुकूम सोडला.

घारमाथा म्हणजे चारही बाजूंनी उभा कडा. वर जायचं तर पाळण्यात बसून, खाली यायचं तरी पाळण्यात बसून, आणि पाळणा लोंबकळायचा अंबाडीच्या जाड दोराला. हा दोर ही चाळीस घरं पिढ्यान्‌पिढ्या वळत आली होती. एका दोराला महिना लागायचा. आता मार्तंडशास्त्र्यांनी एक यंत्र बसवलं होतं. दोन बैल गोल फिरवले की संध्याकाळपर्यंत दोर तयार!

"यंत्राला भूक नाही, ताप नाही, लेकीचं लग्न नाही!" प्रधानजी टाळ्या पिटत म्हणाले.

"पन आमी जायचं कुटं?" म्हाताऱ्या हैबतीने हात जोडून विचारलं. चाळीस वर्षं दोर वळून त्याचे तळवे लाकडासारखे झाले होते.

"नवं काहीतरी शिका!" प्रधानजी म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी स्वतः मान डोलवण्यापलीकडे काही शिकलेलं नव्हतं.

हैबतीची लेक भिवरा पुढे आली. "म्हाराज, यंत्राला समदंच येतं व्हय?"

राजाला गंमत वाटली. "बरं, दोराचं एक काम दाखव, जे यंत्राला येत नाही. आणि त्या कामावाचून माझं अडलं पाहिजे! दाखवलंस तर घरं राहतील. नाही दाखवलंस तर सगळ्यांच्या आधी तू उतरायचं."

"उद्या नवा दोर घेऊन कड्यावर या," भिवरा म्हणाली.

राजाला यायचंच होतं. अधिक महिना होता आणि गडाखाली राहणाऱ्या सासूबाईंनी धोंडे जेवायला बोलावलं होतं. पुरणाच्या धोंड्यांचा विचार करतच तो दुसऱ्या दिवशी कड्यावर आला. पाळणा यंत्राच्या गुळगुळीत दोराला बांधलेला होता. राजाने पाऊल उचललं.

"थांबा म्हाराज! पहिला उतार कुनाचा?" भिवराने विचारलं.

राजाचं पाऊल तसंच राहिलं. धोंड्यांच्या नादात तो गडाची रीत विसरलाच होता. नवा दोर ज्याने वळला, त्याने आधी स्वतः बसून खाली जाऊन वर यायचं, मग बाकीच्यांनी. हैबती असा शेकडो वेळा उतरला होता. हैबतीचा बाप एकदा उतरला, तो परत आलाच नव्हता.

"एवढंच ना?" राजा हसला. "दोर यंत्राने वळलाय, यंत्रालाच बसवा!"

"बसवा की! पडलं तर त्याचं काय जातंय? माझा बा दोर वळतो तवा पेडापेडात त्याला सोताची मान दिसती. यंत्राला काय दिसतं?"

"मग शास्त्री बसतील. यंत्र त्यांचं आहे."

मार्तंडशास्त्री दोन पावलं मागे सरकले. "महाराज, आज माझा कडक उपास आहे."

"मग तर बरंच झालं! वजन कमी भरंल!" भिवरा म्हणाली.

प्रधानजींनी घाईघाईने सुचवलं, "आधी दगड घालून पाहू." दगडांनी भरलेला पाळणा खाली गेला, वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"झ्याक! आता तुमी बसा, प्रधानजी."

"माझा गुडघा धरलाय गं!"

"बसायचंच हाय, चालायचं न्हाई!"

प्रधानजी आभाळाकडे बघू लागले. त्यांचं बघून सगळा दरबारच आभाळाकडे बघू लागला. राजाने एकदा खाली डोकावून पाहिलं. खाली घार फिरत होती आणि तिची पाठ दिसत होती. त्याचा दोरावरचा हात आपोआप सुटला.

"न्हाई ना कुनी? मग मी बसते," भिवरा म्हणाली. "पन आदी दोर आमच्या हातनं जाईल."

बापलेकींनी सगळा दोर वितावितीने चाचपला. एका जागी हैबतीचा अंगठा अडला. आत अंबाडी कुजली होती. यंत्राने ती चांगल्या अंबाडीइतक्याच नेटकेपणाने वळली होती! हैबतीने तेवढा भाग कापला, दोर पुन्हा गुंफून जोडला. भिवरा पाळण्यात बसली. पाळणा दिसेनासा झाला, तसा हैबतीने श्वास रोखला. तो सोडला ती वर आल्यावरच.

"उतरा आता म्हाराज, धोंडे गार हुतील."

राजाने कपाळावरचा घाम पुसला. "हरलो बाई! यंत्र मोडून टाकायचं का?"

"ते कशापाई? बाचे हात सोलून निघायचे. वळू दे की त्याला! चाचपायचं आमी, पहिला उतार आमचा. महिन्याचं काम चार दिसात उरकंल. शिधा मातुर महिन्याचाच."

"आणि उरलेले दिवस?" प्रधानजी किंचाळले. "तेवढे दिवस तुम्ही करणार काय?"

"नवं कायतरी शिकू, प्रधानजी!"

राजा इतका हसला की तोंडातला विडा कड्यावरून खाली गेला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं, चाळीस घरं राहू दिली, शिधा कबूल केला आणि पाळण्यात पाय ठेवता ठेवता आणखी एक हुकूम सोडला, "यापुढे प्रत्येक पहिल्या उताराला भिवराच्या शेजारी आमचे प्रधानजी बसतील!"