घाईनं उघडलेली भट्टी

गाढवांचं बोलणं कुंभारांना कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. रखमाजी कुंभाराकडे ठिपक्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू होतं. धनी बाजारातून आला, की ते शेपटीसकट सगळं अंग हलवत धावायचं आणि आनंदाच्या भरात तिथंच मुतायचं.

एकदा अंगणात वाळत ठेवलेल्या कच्च्या बोळक्यांचा त्यानं असाच चिखल केला. रखमाजी ओरडला. ठिपक्या घाबरून उताणा पडला आणि पुन्हा मुतला.

"आता असं केलंस, तर गावाबाहेर सोडून येईन!"

दाराशी बांधलेलं त्याचं म्हातारं गाढव म्हणालं, "धनी, कच्च्या बोळक्यात पाणी टिकतं का?"

"कसं टिकेल? आधी सावलीत वाळायला हवं, मग भाजायला. भट्टीसुद्धा घाईनं उघडली तर सगळं तडकतं."

"मग बोळक्यांवरही ओरडून बघा की. लवकर वाळतील."

रखमाजी डोकं खाजवत बसला.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं आला. ठिपक्याकडे न बघता त्यानं टोपली उतरवली, पाय धुतले, गाढवाला चारा घातला. पिल्लू नाचून नाचून दमलं आणि शेवटी शांत बसलं. तेव्हा कुठे रखमाजीनं खाली बसून हळूच त्याची हनुवटी खाजवली. अंगण कोरडं ठणठणीत!

रखमाजीला आनंद आवरेना. "शाब्बास रे माझ्या वाघा!" असं ओरडत त्यानं ठिपक्याला उचलून उराशी धरलं.

सदरा गळ्यापासून पोटापर्यंत भिजला.

चारा चघळत गाढव म्हणालं, "धनी, भट्टी घाईनं उघडलीत."