मांडवातली रुई

पूर्वी शोणवती नगरात अर्चिमान राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व केशरी फुलपाखराची मादी होऊन जन्मले होते. तिचे नाव पिंगला. ही फुलपाखरे दक्षिणेच्या डोंगरांतून हिमवंताकडे जायला निघत. जी निघत, ती कधीच पोचत नसत. वाटेत रुईवर अंडी घालून ती मरत. अळ्या रुईचीच पाने खात, कोशात झोपत, पंख घेऊन उठत आणि कोणी न सांगता उत्तरेला वळत. पणजी जिकडे निघाली, तिथे पणती पोचे.

त्या वर्षी थवा शोणवतीला आला, तर नदीकाठची सारी रुई उपटलेली. राजाच्या दोन राण्या वारल्या होत्या. तिसरी बायको लाभत नाही असे मानत, म्हणून खऱ्या नवरीआधी त्याचे लग्न रुईशी लागायचे होते. अरिष्ट यावे ते झाडावर. त्यात पुरोहिताने भर घातली, "ही नवरी एकटीच हवी. तिच्या बहिणी मागे राहिल्या, तर अरिष्ट त्यांच्याकडे मुक्काम ठोकील." पुरोहिताला मेहुण्या पुष्कळ असाव्यात.

रुई शोधता शोधता थवा गळून पडला. उरल्या पिंगला आणि तिची भाची शबला. दोघींच्या पोटात अंडी होती आणि मांडवात पिवळे वस्त्र नेसवलेली एकच रुई.

"मावशी, नवरीच्या अंगावर अंडी घालायची?"

"नवरदेवाची हरकत दिसत नाही," पिंगला म्हणाली. "घाल तू."

"आणि तू गं?"

पिंगलेने पाने निरखली. "दोघींची पोरं एवढ्यावर उपाशी मरतील. तुझी तरी जगू देत."

"मग तुझा वंश?"

"कोणीतरी पोचलं म्हणजे झालं. ते माझंच असावं असं कुठंय?"

शबलेने अंडी घातली आणि प्राण सोडला. पिंगला पानावर बसून राहिली. लग्न लागले. पुरोहिताने कुऱ्हाड मागवली, तरी पिंगला उडेना. तिला पाहून खरी नवरी म्हणाली, "थांबा, आचार्य. माझ्या या थोरल्या सवतीची हळद अजून ओली आहे. तिला थोडं सासर बघू द्या."

"राणीसाहेब, हिला मरायलाच आणतात."

राजा हसला. "मांडव उतरेपर्यंत राहू दे."

त्याच दिवशी पिंगला पोटातल्या अंड्यांसह झाडाखाली पडली. अळ्या निघाल्या, खाऊ लागल्या. पण त्या पुरत्या वाढण्याआधीच मांडव उतरला. रुई तोडून नदीत टाकली, तिच्याबरोबर अळ्याही गेल्या. एक तेवढी आधीच खांबावर चढून कोशात गेली होती. तो खांब पागेमागे फेकलेला. तिथे एका सकाळी एक फुलपाखरू बाहेर आले आणि एकटेच उत्तरेला निघाले. पुढच्या गावांतही हाच पुरोहित रुईशी लग्ने लावून गेला होता.

कथा संपवून शास्ते भिक्षुणींना म्हणाले, "तेव्हाची शबला ती आजची भिक्षुणी सुव्रता. राणी ती उपासिका मंदारिका. पुरोहित तो आपल्याशी नेहमी वाद घालणारा कूटदंष्ट्र. आणि पिंगला मीच होतो. तिचं ते देणं म्हणजे दानपारमिता, दानाची पराकाष्ठा."

"ते शेवटचं फुलपाखरू, भगवन्?" सुव्रतेने विचारले. "ते पोचलं का?"

शास्ते म्हणाले, "पोचल्याचं तिला कळलं असतं, तर त्या देण्याला दानपारमिता म्हणालो नसतो."