कुंपणाआडचे खुळखुळे

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नकाशे काढणारी माणसं कमी होती आणि वाटा जाणणारी जास्त. एका राज्याच्या दक्षिण टोकाला नदी होती, नदीकाठी रान होतं आणि रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची घरं होती.

त्या लोकांची एक रीत होती. मूल जन्मलं की कडू भोपळा वाळवायचा, त्यात मूठभर गुंजा घालायच्या आणि भोक मेणानं बुजवायचं. तो खुळखुळा त्या मुलाचा, जन्मभराचा. रोज सूर्य उगवताना सगळे अंगणात बसून आपापला खुळखुळा वाजवत. एखाद्या घरातून आवाज आला नाही तर शेजारी लगेच उठून बघायला जात. माणूस मेला की त्याचा खुळखुळा नदीकाठच्या उंबराला टांगत. मग तो कोणी वाजवत नसे.

शेजारच्या जमीनदाराला गुरांसाठी कुरण हवं होतं. त्यानं दरबारात सांगितलं, "ते रान रिकामं आहे." मग हत्यारबंद गडी पाठवून घरं पेटवली, माणसं हुसकली आणि कुंपण घातलं. आता रान खरोखरच रिकामं दिसू लागलं. आधी खोटं बोलायचं आणि मग ते खरं करून दाखवायचं, इतकी मेहनत तो चांगल्या कामासाठी कधी घेत नसे.

हुसकलेले लोक कुंपण आणि गाडीवाट यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पालं टाकून राहिले. त्यांच्यातली एक जाणती म्हातारी आठ दिवस चालून राजाकडे गेली.

"राजा, जमिनीचा निवाडा तू सवडीनं कर," ती म्हणाली. "पण पहारा आज दे. जमीनदाराचे गडी आम्हाला मारतील."

राजा वाईट नव्हता. वाईट नसणं सोपं असतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. तो म्हणाला, "पाहू, आजी. पावसाळा सरू द्या."

म्हातारी परतली तेव्हा तिचा मुलगा गेला होता. तो कुंपणाखालून नदीवर पाणी आणायला गेला आणि गड्यांनी त्याला काठ्यांनी ठार मारलं होतं. म्हातारी स्वतः कुंपणाखालून सरपटत गेली आणि त्याचा खुळखुळा उंबराला टांगून आली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना राजा दचकून जागा झाला. खोलीत काहीतरी वाजत होतं. खुळ... खुळ... खुळ. आवाज जड होता. पडदे झटकले, पलंग हलवला, काही सापडलं नाही. वैद्य म्हणाले, "वात झालाय."

म्हातारी पुन्हा आली. "राजा, पहारा दे."

"पाहू. कागदपत्रं तपासली जाताहेत."

त्या आठवड्यात सरपण गोळा करणारी एक पोर गड्यांकडून मारली गेली आणि तिचाही खुळखुळा उंबरावर गेला. राजाच्या खोलीत दुसरा आवाज आला, घाईघाईचा.

म्हातारी तिसऱ्यांदा आली. "पाहू," राजा म्हणाला, "सण आटोपू द्या." मग तिसरा आवाज आला. हा वाजता वाजता अडखळत होता.

आता राजाला झोप लागेना, अन्न गोड लागेना. रोज सूर्य उगवताना ते तीन आवाज उशाशी येत आणि थांबत, जणू कोणाच्या उठण्याची वाट पाहत. शेवटी त्यानं जमीनदाराला बरोबर घेतलं आणि तो ते रान बघायला निघाला.

ते पोचले तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. पट्टीवरच्या लोकांनी आपले खुळखुळे वाजवले आणि ते थांबले. वारा नव्हता. उंबराचं पानसुद्धा हलत नव्हतं. आणि कुंपणाच्या आतून उत्तर आलं. एक जड, एक घाईचा, एक अडखळता.

घोडे मागे सरले. राजाचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "हेच आवाज रोज माझ्या उशाशी येतात. आत कोण आहे?"

"कोणी नाही, महाराज," जमीनदार म्हणाला. "रान रिकामं आहे."

"जड आवाज माझ्या लेकाचा," म्हातारी म्हणाली. "तू पहिल्यांदा 'पाहू' म्हणालास, तेव्हाचा. घाईचा त्या पोरीचा, ती कधी सावकाश चाललीच नाही. अडखळतो तो आमचा लंगडा विणकर. राजा, आमच्यात आवाज बंद झाला की शेजारी उठून येतो. तुला तर रोज आवाज येत होता, तरी तू उठला नाहीस."

राजाला मान वर करवेना. त्यानं तिथंच जमीनदाराला आणि गड्यांना बेड्या घातल्या, कुंपण उपटलं, रान ज्यांचं होतं त्यांना दिलं आणि भोवती आपले शिपाई उभे केले. मग हळूच विचारलं, "आजी, आता तरी हे थांबतील ना?"

"इथं थांबतील," म्हातारी म्हणाली.

आणि तिथं ते थांबले. उंबर शांत झाला. पण राजाच्या खोलीत ते तीन आवाज त्याच्या मरणापर्यंत रोज सूर्याबरोबर येत राहिले. त्या दिवसापासून कोणीही जीव वाचवा म्हणून दाराशी आलं, की राजा त्याच दिवशी पहारा पाठवी. चौथा आवाज ऐकायची त्याची छाती नव्हती.

बोध असा: दुबळ्यांचं रक्षण जो उद्यावर टाकतो, तो त्यांच्या मरणाला मारणाऱ्याइतकाच जबाबदार असतो.