झाकण नसलेल्या घागरी

पाहुण्यांनो, घागरीवर झाकण शोधू नका. झिम्बाब्वेतल्या आमच्या या खडकाळ टेकडीवर एकाही घरात ते मिळायचं नाही. पाण्यात किडा पडला तर काढावा आणि पाणी प्यावं. नाक मुरडणाऱ्याला अजून तहान लागलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

ती बघा, खडकावरची चिमणी. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे, पोट दालचिनीच्या रंगाचं. मूठभर जीव! झाकणं गेली ती हिच्या जातीच्या एकीपायी.

असं सांगतात, की एकदा लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. गुरं मेली. त्या दोन शिळांमधला झरा तेवढा उरला, दिवसाला चार घागरी देणारा. पाखरं पाणी पितात म्हणून गावाने झऱ्यावर सपाट दगड ठेवला, सांधे चिखलाने लिंपले आणि न्याराई नावाच्या विधवेला राखणीला बसवलं. तिची एकुलती लेक तारिरो तापाने फणफणत होती. राखणीबद्दल ओंजळभर पाणी जास्त मिळे. त्या ओंजळीसाठी न्याराईने गोफणीने पाखरं मारली. अशाच एका चिमणीचा नरही मारला.

पण पाणी कोंडून राहतं होय? चौथ्या सकाळी दगड उचलला तर खाली कोरडं. पाण्याने आत दुसरी वाट धरली होती. गाव पाणी शोधायला निघून गेलं. लेकीला चालवेना, न्याराईला ती उचलवेना, म्हणून दोघी मागे राहिल्या.

तेवढ्यात एका अरुंद भेगेतून त्या मेलेल्या नराची मादी बाहेर आली, छाती ओली! न्याराईने भेगेत हात घातला. खांदा सोलवटला, बोटाला पाणी लागेना. तिने गोफण भिरकावली आणि खडकावर कपाळ आपटलं.

“बाई, तुझा धनी मी मारला गं! सूड माझ्यावर घे. माझ्या लेकराने तुझं काय केलंय?”

चिमणी आत गेली, भिजून आली आणि तारिरोच्या ओठांवर पंख झटकले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दिवस कलताना पोरीने “आई” म्हटलं, आणि चिमणी भेगेच्या तोंडाशी मरून पडली.

मग आतून चिवचिव ऐकू आली, म्हणे. तिची पिल्लं. न्याराईने भेगेत दाणे टाकले, दगडाने खडक फोडू पाहिला. दोन दिवस ती कानात प्राण आणून तिथे बसली. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

त्याच रात्री पाऊस आला, पुढे झराही परतला. तारिरो जगली, आम्ही तिचाच वंश. तेव्हापासून पाखरांपासून पाणी झाकायचं नाही, अशी इथली रीत. आजही इथली प्रत्येक आई घागर भरली की पहिलं पाणी त्या भेगेत ओतते आणि थोडा वेळ कान लावून थांबते. आतून कुणी बोलणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.